चार आण्यांची कोंबडी

आमचे साडू मोठे हिशेबी गृहस्थ आहेत. मिरजेला त्यांचे रंगांचे आणि लोखंडी सामानाचे दुकान आहे, आणि उधारीच्या वहीत आजवर एका पैशाची चूक निघालेली नाही, असे ते स्वतःच सांगतात. २०१४ च्या दिवाळीत पाडव्याच्या फराळाला ते सहकुटुंब आमच्याकडे पुण्याला आले होते. भाऊबीज दुसऱ्या दिवशी, म्हणून माझी बहीणही मुलाला घेऊन आली होती. हा भाचा संगणकाचे शिकलेला. नोकरी सांभाळून, रात्री जागून त्याने फोनवर चालणारे एक ॲप केले होते : पाढ्यांचे. बे एके बे पासून तिसापर्यंत, आणि पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी. आमच्या पिढीच्या डोक्यात जे छडीने घुसले, ते तालासुरात, आवाजासकट. आवाज माझ्या बहिणीचा.

साडूंनी ते ऐकले, 'वा, वा' म्हणाले, नातीसाठी आपल्या फोनवर उतरवून घ्यायला गेले, आणि तिथेच थबकले.

"पन्नास रुपये? अरे, पाढे काय तुझ्या बापाचे?"

भाचा नुसता हसला. पाहुण्यांशी वाद घालायचा नाही ही त्याच्या आईची शिकवण. मला तशी कोणी दिलेली नाही. मी म्हणालो, "दुकानात जमाखर्चासाठी टॅली घेतलेत ना? किती मोजलेत?"

"पंधरा-अठरा हजार गेले. वर कर वेगळा."

"मग पैसे देताना विचारलेत का, की जमाखर्च काय तुमच्या बापाचा?"

"छे! तो धंद्याचा खर्च."

"आणि नातीचे पाढे हा कसला खर्च?"

यावर त्यांनी चकलीचा तुकडा मोडला आणि विषय पावसाकडे वळवला. तेच अर्धवट राहिलेले भांडण मी आज वाचकांपुढे आणतो आहे. ते एकट्या साडूंशी आहे असे कोणी समजू नये. ते आपणा सर्वांशी आहे, आणि त्या सर्वांत मीही आलो. ते कसे, हे पुढे सांगतोच.

सॉफ्टवेअर ही वस्तूच मुळी चमत्कारिक. पहिली प्रत करायला वर्ष लागते आणि दुसरी करायला निमिष. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या मनात सहज येते, की नक्कल फुकट निघते, मग पैसे कशाचे? हा प्रश्न आजचा नव्हे. १९७६ च्या फेब्रुवारीत बिल गेट्स नावाच्या वीस वर्षांच्या पोराने अमेरिकेतल्या हौशी संगणकवाल्यांना एक उघडे पत्र लिहिले. 'आल्टेअर' नावाच्या यंत्रासाठी त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बेसिक ही भाषा लिहिली होती. मंडळींनी ती कागदी फितीवरून एकमेकांना बिनदिक्कत वाटून टाकली. शंभर यंत्रवाल्यांत दहांनीही ती विकत घेतलेली नाही, आणि हिशेब केला तर आमच्या मजुरीला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्याची तक्रार होती. पुढे या गृहस्थाचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण तक्रार खोटी नव्हती.

त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे हा प्रश्न बाजारानेच कसाबसा सोडवला, आणि तो खोक्याने सोडवला! १९७९ साली 'व्हिजिकॅल्क' हे आकडेमोडीचे सॉफ्टवेअर शंभर डॉलरच्या सुमारास मिळे. १९८३ साली आलेल्या 'लोटस १-२-३' ची किंमत ४९५ डॉलर होती. त्याच वर्षी बोरलँड कंपनीने 'टर्बो पास्कल' ४९.९५ डॉलरला विकून सगळ्यांना चकित केले. किमती अशा सातमजली आणि एकमजली, पण रीत एकच : खोके घ्या, आत चकती आहे, जाडजूड पुस्तक आहे, पैसे एकदा द्या, वस्तू तुमची. पुढे नवी आवृत्ती निघाली आणि ती हवीशी वाटली, तर जुन्या गिऱ्हाइकाला सवलतीत मिळेल. नको असेल तर जुनीवर सुखाने राहा. कोणी दारात येऊन ती काढून नेणार नाही.

आपल्याकडे या खोक्यासोबत एक माणूसही येत असे, आणि माझ्या मते खरी किंमत त्याचीच होती. १९९६ साली मी अक्षरजुळणीच्या माझ्या लहानशा धंद्यासाठी मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर घेतले. विक्रेता स्कूटरवरून आला, बूट काढून आत बसला, चहा प्याला, सॉफ्टवेअर यंत्रावर चढवले आणि तीन दिवस संध्याकाळी येऊन रफार कसा द्यायचा आणि 'ऱ्य' कसा काढायचा ते शिकवून गेला. सोबत अंगठ्याएवढे एक कुलूप होते. ते संगणकाच्या पाठीत खुपसल्याखेरीज अक्षर उमटत नसे. पुण्यातल्या कारागिरांनी 'श्रीलिपी'सारखी सॉफ्टवेअर घडवली आणि त्यांवर मराठी छपाईचे एक अख्खे युग उभे राहिले, ते याच रीतीने : किंमत, पावती, कुलूप आणि स्कूटरवाला. विषाणूंचा बंदोबस्त करणारे पुण्याचे 'क्विक हील' घ्या. तेही खोक्यात आले, गल्लीतल्या संगणक-दुरुस्तीवाल्याच्या हातून आले, आणि वर्ष संपले की लोक विम्याचा हप्ता भरावा तसे त्याचे नूतनीकरण करू लागले. कोणी कुरकुरले नाही. कारण समोर माणूस होता आणि अडले की तो धावून येत असे.

आता तो काळ म्हणजे सत्ययुग, असे कोणी समजू नये. अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर मी विकत घेतले हे खरे. पण पाने लावण्याचे पेजमेकर मात्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या एका चकतीवरचे होते. त्या चकतीवर आणखी चाळीस सॉफ्टवेअर होती आणि सगळी मिळून शंभराच्या नोटेत आली होती. एकाचे पैसे दिले, दुसऱ्याचे दिले नाहीत. का? एकाला कुलूप होते, दुसऱ्याला नव्हते. माझ्या प्रामाणिकपणाची ही एवढीच व्याख्या. फायली आवळून लहान करणारे 'विनरार' तर चाळीस दिवस वापरून पाहा आणि मग पैसे द्या म्हणते. माझे चाळीस दिवस गेली वीस वर्षे चालू आहेत. तेव्हा साडूंना बोल लावण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

मग १० जुलै २००८ हा दिवस उजाडला. ॲपल कंपनीने आयफोनसाठी आपला बाजार उघडला. पहिल्या दिवशी गाळे सुमारे पाचशे. नियम सुटसुटीत : माल तुमचा, किंमत तुम्ही ठरवा, शंभरातले तीस बाजारमालकाचे. गूगलचा बाजारही त्याच वर्षी आला आणि तिथेही कालांतराने तोच तिसाचा वाटा ठरला. एकट्या कारागिराला वाटले, आता खोके नको, विक्रेता नको, स्कूटरवाला नको. मिरजेत बसून मेक्सिकोत विकता येईल! आणि हे खोटे नव्हते. परंतु स्कूटरवाला गेला तेव्हा त्याच्याबरोबर किंमतही गेली, हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

ते कसे झाले हे समजून घेण्यासारखे आहे. मंडईत शंभर भाजीवाले एका रांगेत बसवले आणि ज्याची पाटी आधी रिकामी होईल त्याला दर्शनी जागा द्यायची असा नियम केला, तर काय होईल? पहिला दर उतरवील, दुसरा आणखी उतरवील, आणि संध्याकाळपर्यंत कोथिंबीर फुकट वाटली जाईल. फोनच्या बाजारात 'सर्वाधिक खपाची' यादी हीच दर्शनी जागा होती. अल्पावधीत ९९ सेंट हा भाव पडला, आणि त्याखाली एकच पायरी उरली होती : शून्य. वापरून पाहा नि मग घ्या ही सोय ॲपलच्या बाजारात विकतच्या ॲपला नव्हती. गूगलने सुरुवातीला परतीसाठी चोवीस तास दिले होते, तेही २०१० च्या अखेरीस पंधरा मिनिटांवर आणले. न चाखता घ्यायचे, म्हणून गिऱ्हाईक पैसे देईना. गिऱ्हाईक पैसे देईना, म्हणून कारागीर किंमत उतरवीत गेला. याच बाजारात त्या पहिल्या ऑगस्टमध्ये कोणी 'मी श्रीमंत आहे' अशा नावाचे ॲप ९९९.९९ डॉलरला मांडले होते. ते एक लाल रत्न दाखवी, बाकी काही करीत नसे. आठ जणांनी ते घेतलेही! मालकाने ते दुसऱ्याच दिवशी उचलून फेकले. स्वस्ताईच्या या जत्रेत तेवढी एकच महाग वस्तू आली, आणि ती थट्टा निघाली.

स्वस्ताईची ही हवा फोनपुरती राहिली नाही. २०११ च्या जानेवारीत ॲपलने मेजावरच्या संगणकांसाठीही तसाच बाजार उघडला, आणि छायाचित्रकारांचे 'ॲपर्चर' हे जे त्यांचेच सॉफ्टवेअर खोक्यात १९९ डॉलरला मिळे, ते तिथे ७९.९९ ला मांडले. खुद्द मालकानेच दर पाडल्यावर शेजारच्या गाळेवाल्याने काय करावे?

बरे, दर पडला तर पडला. निदान नव्या आवृत्तीचे पैसे? त्याचीही सोय नाही. जुन्या गिऱ्हाइकाला सवलतीत नवी आवृत्ती विकण्याची जी खोक्याच्या काळातली रीत, ती या बाजाराने ठेवलीच नाही. २००९ साली 'ट्वीटी' नावाच्या एका आवडत्या ॲपच्या कर्त्याने दुसरी आवृत्ती नव्याने लिहून २.९९ डॉलरला वेगळी विकायला काढली, तेव्हा जुनी गिऱ्हाइके खवळली : आम्ही एकदा दिले आहेत, पुन्हा कसले? २०१४ साली 'मॉन्युमेंट व्हॅली' या देखण्या खेळाला नवे अध्याय जोडले आणि त्यांचे दोन डॉलर मागितले, तर लोकांनी एकेक चांदणी देऊन निषेध नोंदवला.

आता मला सांगा, आपण दरवर्षी 'कालनिर्णय' विकत घेतो की नाही? १९७३ पासून ते महाराष्ट्राच्या भिंतीवर आहे. 'गेल्या वर्षी घेतले होते, यंदाचे तसेच द्या' असे म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. नव्या वर्षाचे पंचांग कोणीतरी नव्याने मांडले, हे आपल्याला कळते. हा दिवाळी अंक तुम्ही घेतलात, गेल्या वर्षीचाही घेतला असेल. संपादकांना कोणी म्हटले नाही की एकदा पैसे दिले, आता जन्मभर अंक पाठवा. मग फोनमधल्या वस्तूलाच हा वेगळा न्याय का?

आणि इथेच चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला लागतो. माझ्या अक्षरजुळणीच्या खोलीत १९९६ चे ते सॉफ्टवेअर एका म्हाताऱ्या यंत्रावर अजून चालते. पाठीत कुलूप आहे, पंखा खडखडतो, पण जुन्या पुस्तकांच्या फायली त्यावर उघडतात. त्याच्या कर्त्याला गेल्या पंचवीस वर्षांत माझ्यासाठी एक मिनिटही खर्चावे लागले नाही. फोनचे तसे नव्हे. तिथे दरवर्षी घराचा पायाच नवा घालतात आणि भाडेकरूला म्हणतात, आता तुझ्या भिंती जुळवून घे. २०१७ च्या सप्टेंबरात आयफोनची अकरावी प्रणाली आली, आणि जुन्या बत्तीस बिटांच्या धाटणीची जी ॲप कोणी नव्याने बांधली नव्हती, ती सरसकट उघडेनाशी झाली. गूगलच्या बाजारात ॲप बराच काळ नव्या प्रणालीशी जुळवून घेतले नाही, तर नव्या फोनच्या गिऱ्हाइकाला ते दुकानात दिसतही नाही. ॲपलच्या बाजारात गाळा ठेवायचा तर वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात ते वेगळेच. म्हणजे मेजावरची वस्तू महाग आणि तिची देखभाल नाममात्र. फोनवरची वस्तू मातीमोल आणि तिची देखभाल जन्माची. किंमत जिथे जास्त हवी तिथे ती शून्य आहे! हा हिशेब माझ्या साडूंच्या वहीत क्षणभर तरी टिकेल काय?

कोणी म्हणेल, पण फुकट देणारे देतातच ना? देतात. काहींचे फुकट खरोखर निर्मळ आहे. मुक्त वाटलेले देवनागरी टंक घ्या, त्यांच्यापुढे मी हात जोडतो. पण प्रत्येक फुकटामागे कोणीतरी पैसे दिलेले असतात, एवढे विसरू नये. व्हॉट्सॲप एके काळी वर्षाला एक डॉलर मागे. २०१६ च्या जानेवारीत त्यांनी तोही सोडला. त्याआधी दोन वर्षे फेसबुकने ती कंपनी सुमारे एकोणीसशे कोटी डॉलरला घेण्याचे ठरवले होते. एवढे पैसे मोजणारा माणूस धर्मशाळा बांधीत नसतो.

बाजारमालकांना मात्र मी साडूंइतक्या सौम्यपणे सोडणार नाही. मंडईचा मालक गाळ्याचे भाडे घेतो, ठीक आहे. पण हा गल्ल्यावरही बसतो, आणि गिऱ्हाइकाने पैसे माझ्याच हातात दिले पाहिजेत असे म्हणतो. भारताच्या स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये याच वसुलीच्या रीतीबद्दल गूगलला ९३६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. २०२५ साली अपिलात तो बराच कमी झाला, हेही सांगितले पाहिजे. १ मार्च २०२४ च्या शुक्रवारी तर गंमतच झाली. वाट्याच्या भांडणावरून गूगलने कित्येक भारतीय ॲप बाजारातून काढून टाकली. त्यांत लग्ने जुळवणारी होती, नोकऱ्या शोधून देणारीही होती. सरकारने डोळे वटारल्यावर ती काही दिवसांत परत आली. मोठ्यांसाठी सरकार धावले. पावकीचे पाढे काढून टाकले असते तर कोणता मंत्री बोलला असता? छोट्या कारागिरांचा वाटा २०२१ पासून तिसाचा पंधरावर आणला खरा. परंतु दहा रुपयांतले दीड काय आणि तीन काय?

दहा रुपये म्हणालो, कारण भाच्याची गोष्ट तिथे आली होती. त्याने पन्नास लावले, तेव्हा गूगलच्या बाजारात भारतात त्याहून कमी किंमत लावताच येत नसे. २०१५ च्या जुलैत ही किमान किंमत दहा रुपयांवर आली. भाच्यानेही दहा केली. 'दहा रुपये मागतो, लुटारू' असा एक शेरा मी स्वतः वाचला. लिहिणाऱ्याने त्यात तीन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका केल्या होत्या. चहाचा पेला दहा रुपयांचा आणि तो पाच मिनिटांत संपतो, हे त्याला कोणी सांगावे?

आता या रोगावर वर्गणी हा उपाय निघाला आहे. २०१३ साली अडोबी कंपनीने जाहीर केले, की आमच्या फोटोशॉपादी मंडळीची नवी खोकी निघणार नाहीत. दरमहा पैसे भरा. मग मेजावरच्या आणि फोनवरच्या लहानसहान ॲपनीही तोच कित्ता गिरवला. टिपणवही, गजराचे घड्याळ, जो तो दरमहा हात पुढे करतो. देखभालीला पैसे लागतात हे मी आत्ताच घसा कोरडा करून सांगितले. तेव्हा वर्गणीला माझा विरोध असण्याचे कारण नाही. पण वर्गणी हा शब्द आपण मराठी माणसे फार दिवसांपासून जाणतो. मासिकाची वर्गणी थांबवली तर पुढचे अंक बंद होतात. फळीवरचे जुने अंक उचलून न्यायला संपादक घरी येत नाहीत. इथे ते येतात! पैसे थांबले की ज्या सॉफ्टवेअरवर तुम्ही दहा वर्षे काम केलेत, तेच कुलूपबंद. याला वर्गणी म्हणत नाहीत, भाडे म्हणतात. आणि भाडेच घ्यायचे तर तसे तोंडाने सांगावे. दुसरा मार्ग नाही असेही नव्हे. २०१५ साली जेटब्रेन्स या झेक कंपनीने कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या अवजारांना वर्गणी लावली, तेव्हा गिऱ्हाइकांनी एवढा गलका केला, की कंपनीला नमते घ्यावे लागले : वर्षभर वर्गणी भरा, मग थांबलात तरी त्या वर्षाच्या आरंभीची आवृत्ती कायमची तुमची. जुने अंक फळीवर राहिले. माझे मागणे याहून अधिक नाही, आणि ते साडूंनाही परवडेल.

भाच्याने शेवटी २०१७ साली पाढे फुकट करून टाकले आणि जाहिराती घेतल्या. कोणती जाहिरात कधी दाखवायची हे त्याच्या हाती नव्हते. ते दूर कुठेतरी ठरे. उतरवून घेणारे वाढले, चांदण्या वाढल्या. दोनेक वर्षांनी बहिणीचा फोन आला. शेजारच्या मुलीला पाऊणकी म्हणून दाखवीत होती. पाऊण चोक तीन झाले आणि पडद्यावर एक मनुष्य उगवला, म्हणाला, पाच मिनिटांत कर्ज घ्या, कागदपत्र नको. "माझ्या आवाजाच्या मागून तो बोलतो रे," एवढेच बहीण म्हणाली. त्या रात्री भाच्याने ॲप बाजारातून काढून घेतले.

गेल्या दिवाळीत साडू पुन्हा आले. नातीला धाकटी बहीण झाली आहे, आता चौथीत आहे, आणि पाऊणकीवर अडली आहे.

"अरे, ते तुझे पाढे कुठे गेले? दुकानात दिसत नाहीत."

"बंद केले, काका. नव्या फोनवर आता चालणारही नाहीत. पुन्हा बांधावे लागतील."

"मग बांध की. कितीसे लागतील?"

भाच्याने किती महिने रात्री बसावे लागेल ते सांगितले. साडूंनी खिशातून पेन काढले, फराळाच्या कागदी बशीच्या कडेला काहीतरी आकडेमोड केली, दोनदा खोडली.

"टॅलीचा माणूस सोमवारी दुकानात यायचा आहे," ते म्हणाले, "त्याला विचारून सांगतो."